वेलीचे कारभारी

देवगाव फाट्यावर मंठ्याकडून आलेली बस थांबली की काही माणसं सेलूच्या गाडीसाठी उतरतात आणि बाकीची जिंतूरच्या दिशेनं निघून जातात. मे महिन्याच्या अखेरीस मी इथंच उतरलो आणि जवळच्या एका मोसंबीच्या बागेत गेलो. बाग नुकतीच विकली गेली होती. जुने मालक मुलाकडे पुण्याला राहायला गेले, नवे मालक जालन्याचे व्यापारी. सातबाऱ्यावरचं नाव बदललं होतं; पण झाडाच्या बुडाशी उकिडवा बसलेला माणूस बदललेला नव्हता. वीस-बावीस वर्षं हीच बाग सांभाळणारे मामा शांतपणे त्यांचं काम करत होते.

त्यांच्यापुढं प्लास्टिकच्या तीन बादल्या होत्या. एकीत मोरचुदाचं निळंशार पाणी, दुसरीत विरवलेला कळीचा चुना. दोन्ही बादल्या एकाच वेळी तिरक्या करून त्यांनी तिसरीत धार सोडली. लाकडी काठीनं ढवळलं. मग कमरेचा विळा काढून त्याचं पातं त्या आभाळी रंगाच्या लगद्यात बुडवलं, क्षणभर थांबून बाहेर काढलं आणि उन्हात धरून न्याहाळलं.

"काय बघायलाव मामा?"

"लोखंडावर लाल चढलं तर चुना कमी पडला म्हणायचं. तसंच लावलं की साल जळती." पातं स्वच्छ होतं. त्यांनी कुंचला बुडवला. "बोर्डो हाय हे. पावसाच्या तोंडावर बुडाला लावलं की डिंक्या येत नाही."

बोर्डो हा शब्द आपल्याकडच्या बागायतदारांच्या तोंडी मोरचूद, शेणखत, ठिबक या शब्दांइतकाच घरचा झाला आहे. तो आला मात्र फ्रान्सच्या द्राक्षमळ्यांतून. त्या मळ्यांची मालकी गेल्या दीडशे वर्षांत इतक्या वेळा बदलली, की आज तिथल्या एखाद्या नामांकित वाड्याचा मालक बँक असते, कुठं विमा कंपनी, कुठं परदेशी उद्योगपती. एक प्रसिद्ध फ्रेंच वाइनघर तर नऊ वर्षं भारतीय कंपनीच्या मालकीचं होतं. मालक बदलल्यावर बागेचं काय होतं, हा प्रश्न देवगावच्या त्या मोसंबीपाशी मला पडला. त्याचं उत्तर शोधताना ल्वार नदीच्या काठी, नारायणगावला आणि रोटीच्या घाटात जावं लागलं.

रस्त्याकाठच्या ओळी

१८८२ सालचा ऑक्टोबर. बोर्डो विद्यापीठातले वनस्पतिशास्त्राचे प्राध्यापक पिएर-मारी-अलेक्सी मियार्दे मेदोक भागातल्या सँ-ज्युलियाँ गावच्या द्राक्षबागांमधून चालले होते. त्या वर्षी केवड्यानं, म्हणजे आपले बागायतदार ज्याला डावण्या म्हणतात त्यानं, बागांची पानं झडली होती. हा रोग फ्रान्समध्ये पहिल्यांदा नोंदवला गेला तो १८७८ मध्ये, आणि तोही एका उपायाच्या पाठोपाठ आला होता. त्याआधीच्या दशकात फिलोक्सेरा नावाच्या मुळं खाणाऱ्या किडीनं फ्रान्सच्या बागा वाळवल्या. त्या किडीला दाद न देणारे अमेरिकी द्राक्षाचे खुंट आणायचे आणि त्यांवर फ्रेंच वेलीचं कलम करायचं, असा मार्ग निघाला. अमेरिकेतून आलेल्या त्या झाडांबरोबर डावण्याही आला, असं मानलं जातं.

मियार्दे यांना एक नवल दिसलं. आत सगळी बाग उघडी पडलेली. पण अगदी रस्त्यालगतच्या काही ओळींची पानं शाबूत होती आणि त्यांवर निळसर पापुद्रा होता. त्यांनी मळ्याचे कारभारी अर्नेस्त दाव्हिद यांना विचारलं. उत्तर साधं होतं. वाटसरू जाता-येता द्राक्षं तोडतात, म्हणून रस्त्याकडेच्या वेलींवर मोरचूद आणि चुना शिंपडायची तिथं रीत होती. ते निळं पाहून माणूस विषाला भितो आणि हात आखडतो.

ज्याचं रान रस्त्याला लागून आहे त्याला हे समजावून सांगावं लागत नाही. फाट्याजवळच्या हरभऱ्याचे ढाळे घाट्यात दाणा भरायच्या आतच निम्मे उपटले जातात. मेदोकच्या शेतकऱ्याचं दुखणं तेच होतं, आणि त्याच्या त्या घरगुती राखणीतून जगातलं पहिलं मोठं बुरशीनाशक जन्माला आलं. मियार्दे यांनी रसायनशास्त्रज्ञ उलीस गेयाँ यांच्या मदतीनं प्रमाण ठरवलं, दाव्हिद यांनी त्यांच्या देखरेखीखालच्या मळ्यांत फवारण्या करून पाहिल्या, आणि १८८५ मध्ये हा उपाय जगापुढं मांडला गेला. या प्रयोगांशी शातो दोझाक या मळ्याचं नाव कायमचं जोडलं गेलं आहे. तेव्हा त्याचे मालक होते नॅथॅनिएल जॉन्स्टन. पुढं हा मळा अनेक हातांतून गेला. १९८० च्या दशकाच्या शेवटी शिक्षकांनी उभारलेल्या एका विमासंस्थेनं तो घेतला, आणि २०१९ मध्ये तो ब्रिटनीतल्या रुलो या उद्योजक कुटुंबाकडे आला.

त्या मालकांची नावं आपल्याकडं कुणाला ठाऊक असण्याचं कारण नाही. पण त्या मळ्यातल्या कारभाऱ्यानं केलेली फवारणी आपल्यापर्यंत पोहोचली. मराठवाड्यातल्या मोसंबीच्या बुडाला ती दरवर्षी लागते.

ल्वारकाठचं घर

फ्रान्सच्या पश्चिमेला ल्वार नदीच्या काठी सोम्यूर हे गाव आहे. तिथला दगड तुफो नावानं ओळखला जातो. पांढरट, मऊ, करवतीनं कापता येईल असा. ल्वारकाठचे प्रसिद्ध राजवाडे याच दगडाचे. शतकानुशतकं डोंगर पोखरून दगड निघत राहिला आणि मागं मैलोन्‌मैल लांबीची भुयारं उरली. या भुयारांत उन्हाळा-हिवाळा हवा सारखीच थंड असते. वाइनला हेच हवं असतं.

१८५१ मध्ये एतियेन बुव्हे या तरुणानं पत्नी सेलेस्तीन लादुबे हिच्यासह सोम्यूरजवळच्या सेंत-इलेर-सेंत-फ्लोराँ इथं अशीच भुयारं घेऊन फेसाळ वाइनचं घर उभं केलं. दोघांची आडनावं जोडून घराचं नाव पडलं बुव्हे-लादुबे. आठेक किलोमीटर लांबीच्या भुयारांत बाटल्यांच्या राशी लागल्या. धंदा वाढला तसं बुव्हे यांनी कामगारांसाठी घरं बांधली, नाटकगृह बांधलं. आज त्याच भुयारांतून पर्यटक सायकलवर बसून फिरतात.

फेसाळ वाइन बनवण्याची रीत मोठी चिकाटीची आहे. आंबवून तयार झालेली वाइन बाटलीत भरताना तिच्यात थोडी साखर आणि यीस्ट घालतात आणि बूच घट्ट बसवतात. बाटलीत पुन्हा आंबण्याची क्रिया होते, वायू तयार होतो आणि बाहेर जायला वाट नसल्यानं वाइनमध्येच मुरतो. तळाशी गाळ साचतो. तो काढण्यासाठी बाटल्या भोकं पाडलेल्या तिरक्या लाकडी फळ्यांत मान खाली करून ठेवायच्या आणि रोज प्रत्येक बाटली हातानं किंचित फिरवायची. काही आठवड्यांत गाळ सरकत सरकत बुचापाशी येतो. मग बाटलीची मान गोठवायची, बूच उडवायचं, गोठलेला गाळ दाबासरशी बाहेर पडतो. हे काम आता बहुतेक ठिकाणी यंत्रं करतात. पण ज्या काळात हातानं चालायचं, त्या काळात एकेक कामगार दिवसाला हजारो बाटल्या फिरवायचा. बाटलीला किती झटका द्यायचा हे मनगटाला कळावं लागे.

१९३२ मध्ये हे घर जस्टिन-मार्सेल मोंमुसो यांनी घेतलं. १९७४ मध्ये शँपेनमधल्या तेतांजे या बड्या घराण्याच्या समूहानं ते विकत घेतलं. मालकी गेली, पण कारभार मोंमुसो कुटुंबातल्या पात्रीस यांच्याकडेच राहिला. द्राक्षं मुख्यत्वे आसपासच्या बागायतदारांकडून यायची, आणि त्या बागायतदारांना ओळखणारा माणूस तोच होता. तेतांजेंनी ते ओळखलं आणि त्याला हलवलं नाही.

२००५ मध्ये तेतांजे समूहच एका अमेरिकी गुंतवणूक कंपनीनं घेतला. तिला रस होता समूहाच्या हॉटेलांत. वाइनघरं विक्रीला निघाली. शँपेनचं मुख्य घर पिएर-इमॅन्युएल तेतांजे यांनी २००६ मध्ये एका सहकारी बँकेच्या मदतीनं परत मिळवलं. बुव्हे-लादुबे मात्र त्याच वर्षी गेलं बंगळुरूच्या यूबी समूहाकडं, म्हणजे विजय मल्ल्यांकडं. १५५ वर्षांच्या फ्रेंच वाइनघराचा मालक भारतीय झाला. त्या काळात आपल्या उद्योगपतींनी परदेशी नावं घेण्याचा सपाटा लावला होता आणि अशा प्रत्येक खरेदीची बातमी आपण अभिमानानं वाचत होतो.

पात्रीस मोंमुसो यांनी तिसरा मालक पाहिला. कारभार याही वेळी त्यांच्याकडंच राहिला.

नारायणगावचा वाडा

फ्रेंच वाइन महाराष्ट्रात मात्र याच्या कितीतरी आधी आली होती. मराठी मुलखातला तिचा पहिला मोठा प्रयोग झाला जुन्नर तालुक्यात, नारायणगावला. उद्योजक शामराव चौगुले यांनी १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला शँपेनमधल्या पीपर-हाइडसिक या घराण्याचं तंत्रसाहाय्य मिळवलं. फ्रान्सहून तंत्रज्ञ आले, सह्याद्रीच्या कुशीत शार्दोने आणि पिनो न्वारसारख्या वेली लावल्या गेल्या, आणि ल्वार किंवा शँपेनच्या भुयारांत व्हायचं तेच काम पुणे-नाशिक रस्त्याकाठी होऊ लागलं. तयार झालेली फेसाळ वाइन युरोपच्या बाजारात 'ओमर खय्याम' या नावानं गेली आणि तिथल्या जाणकारांनी तिची वाखाणणी केली. टोमॅटो आणि टेबलद्राक्षांसाठी माहीत असलेलं नारायणगाव वाइनच्या नकाशावर आलं. 'शातो इंडाज' या नावाला महाराष्ट्रात एक झळाळी होती.

पुढं १९९० च्या दशकाच्या अखेरीस राजीव सामंत यांनी नाशिकजवळ सुला उभी केली. त्यांच्या पहिल्या वाइन्सपैकी एक होती शेनिन ब्लां जातीची. ही वेल मूळची ल्वारकाठची, बुव्हे-लादुबेच्या बाटलीत मुख्यतः तिचाच रस असतो. २००१ मध्ये राज्य सरकारनं द्राक्षप्रक्रिया धोरण आणलं, उत्पादन शुल्कात सवलत दिली, विंचूर आणि पलूस इथं वाइन पार्क काढले. टेबलद्राक्षांच्या बागा मोडून शेतकऱ्यांनी करारावर वाइनची द्राक्षं लावली.

इंडाजनं या भरात २००६ ते २००८ दरम्यान ऑस्ट्रेलियातल्या वायनरी घेतल्या, ब्रिटनमधली एक वितरण कंपनी घेतली. मग २००८ ची जागतिक मंदी आली. त्याच नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप घसरला. कर्जाचा डोंगर उभा होता. शेतकऱ्यांची द्राक्षांची देणी थकली. पुढच्या दोन-तीन वर्षांत प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं आणि कंपनी गुंडाळण्याचा आदेश झाला. मालमत्ता अवसायकाच्या ताब्यात गेली.

याच सुमारास नाशिक, पुणे, सांगली भागात अनेकांनी वाइनच्या वेली उपटल्या किंवा त्यांच्याच खुंटावर पुन्हा टेबलद्राक्षाचं कलम बांधलं. वाइनचं द्राक्ष बाजार समितीत नेऊन विकता येत नाही. मणी बारीक, बी मोठी, साल जाड. कारखान्यानं घेतलं तरच त्याला मोल. ज्यानं ते करारावर लावलं त्याच्या गळ्याशी पैशाआधी येते ती वेळ. एप्रिलची खरड छाटणी, ऑक्टोबरची गोडी छाटणी, मधल्या फवारण्या, विरळणी, असं वर्ष उलटतं आणि घड पिकून वेलीवरच सुकायला लागतात. ते पाहणाऱ्याचा विश्वास एकदा तुटला की तो पुन्हा जोडायला एक पिढी जाते.

नारायणगावच्या प्रयोगात तंत्राची उणीव नव्हती, मातीची नव्हती, जिद्दीची तर मुळीच नव्हती. चौगुलेंनी जे दाखवून दिलं त्यावर आजची महाराष्ट्रातली वाइन उभी आहे, हे ऋण मानलंच पाहिजे. तुटला तो एकच धागा, वेल लावणारा आणि बाटली विकणारा यांच्यामधला. तो धागा गेल्यावर मालकीच्या कागदाचा उपयोग अवसायकालाच उरला.

रोटीच्या घाटातून पुन्हा ल्वारकाठी

बुव्हे-लादुबे घेतलं त्याच सुमाराला यूबी समूहानं महाराष्ट्रातही एक वाइनघर उभारायला घेतलं. जागा निवडली दौंड तालुक्यातली रोटी. पाटसहून बारामतीकडं जाताना लागणारा हा घाट वारकऱ्यांना पाठ आहे. तुकोबारायांची पालखी याच घाटातून जाते. त्या माळावर फ्रेंच वाड्याच्या धर्तीवर दगडी इमारत उभी राहिली, भोवती वेली लागल्या. ग्रोव्हर या वाइन कंपनीच्या वाइन्स घडवलेले अभय केवडकर तिचे मुख्य वाइनतज्ज्ञ होते. 'फोर सीझन्स' हे नाव बाजारात आलं.

पण वर मालकाच्या घरात वादळ सुरू झालं होतं. ऑक्टोबर २०१२ मध्ये किंगफिशरची विमानं जमिनीवर आली. कर्जं थकली. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये समूहाच्या युनायटेड स्पिरिट्स या मद्यकंपनीचा मोठा हिस्सा ब्रिटनच्या डियाजिओला विकण्याचा करार झाला आणि २०१४ पर्यंत कंपनी तिच्या ताब्यात गेली. नव्या मालकाला व्हिस्कीत रस होता, वाइनघरांत नाही.  मग पाळी आली बुव्हे-लादुबेची.

२०१५ मध्ये ते विकत घेतलं मोंमुसो कुटुंबानं. १९७४ मध्ये हातून गेलेलं घर ४१ वर्षांनी परत आलं. पात्रीस यांच्याबरोबर आता त्यांची मुलगी ज्युलिएट होती आणि पुढचा कारभार तिनं हाती घेतला. मधल्या काळात फ्रेंच मालक येऊन गेला, अमेरिकी येऊन गेला, भारतीय आला, ब्रिटिश आला. पण सोम्यूरच्या बागायतदारानं सप्टेंबरात ज्या माणसाला द्राक्षं घातली तो माणूस तोच राहिला होता.

रोटीचं वाइनघरही थोड्याच वर्षांत, २०१८-१९ च्या सुमारास, ग्रोव्हर झाम्पाकडं गेलं. वाइन बनवणं आणि विकणं हाच ज्यांचा धंदा, त्यांच्या हाती ते आलं, ही जमेची बाजू. घाट तोच आहे, माळ तोच आहे. आषाढीच्या आधी पालखी येते, तेव्हा छाटलेल्या वेलींना नव्या काड्या फुटलेल्या असतात.

कसेल त्याची

हे सारं मराठवाड्यातल्या माणसाला परकं वाटू नये. मालकी बदलणं म्हणजे काय हे आपल्या आज्या-पणज्यांनी अंगावर सोसलं आहे. १७ सप्टेंबर १९४८ ला हा मुलूख निजामाच्या अमलातून मुक्त झाला. १९४९ मध्ये हैदराबाद संस्थानातल्या जहागिरी खालसा झाल्या. १९५० मध्ये कुळकायदा आला. पिढ्यान्‌पिढ्या दुसऱ्याच्या नावावरचं रान नांगरणाऱ्यांपैकी काहींची नावं पहिल्यांदा कागदावर चढली. सगळ्यांची चढली नाहीत. पुष्कळ कुळं कायद्याच्या आधीच बेदखल केली गेली. पण ज्या रानात कसणाराच मालक झाला, तिथं विहिरी खणल्या गेल्या, बांध घातले गेले, कारण आता नातवासाठी झाड लावण्यात अर्थ होता.

मोंमुसो कुटुंबाची गोष्ट वाचताना मला हे आठवतं. घर परत मिळालं कारण त्यांनी कारभार सोडला नव्हता. बागायतदारांची नावं, कुठल्या उताराचं द्राक्ष आधी पिकतं, कुठल्या भुयारात ओल जास्त, हे ज्ञान त्यांच्याजवळ होतं. ते विक्रीच्या करारात लिहिता येत नाही आणि म्हणून विकताही येत नाही. कडवंचीला जा, आपल्याच जालना जिल्ह्यात. पाणलोटाची कामं झाली, शेततळी झाली आणि कोरडवाहू गावात द्राक्षबागा उभ्या राहिल्या. तिथं बाहेरून भांडवलदार आला नाही. गावाचा माणूस छाटणी शिकला, कलम शिकला, पाण्याचा हिशेब शिकला. फिलोक्सेरानं फ्रान्सला शिकवलेली खुंटावर कलम करण्याची रीतच त्यानं वापरली. आपल्याकडं किडीऐवजी क्षार आणि दुष्काळ झेपावा म्हणून डॉगरिज हा खुंट घेतात, आणि तोही अमेरिकी वाणाचाच आहे.

म्हणून बाग विकली जाताना पाहिलं की आता मी किंमत विचारत नाही. कारभारी राहिला का, एवढंच विचारतो. आज आपल्या भागात रस्ते रुंद होताहेत, फाट्यांवरच्या जमिनींना भाव आला आहे. रानं विकली जाणार, नावं बदलणार, हे थांबणारं नाही. पण विकणाऱ्यानं आणि घेणाऱ्यानं मिळून एवढं जरूर करावं, की झाड ओळखणाऱ्या माणसाला बाजूला सारू नये आणि त्याचे पैसे थकवू नयेत. ते केलं नाही तर हाती फक्त जमीन उरते.

देवगावच्या त्या बागेत नव्या मालकानं ते केलं. व्यवहार झाला त्याच दिवशी त्यांनी मामांना विचारलं, तुम्ही राहणार का? मामांनी एकच अट घातली, की बांधाकडच्या दोन ओळी या वर्षी पाणी तोडून ताणावर सोडायच्या नाहीत. त्या झाडांची मुळं थकली आहेत, हे त्यांना ठाऊक होतं.

मी निघालो तेव्हा ऊन उतरलं होतं. बुडांवर कमरेएवढा निळा-पांढरा पट्टा चढलेल्या झाडांच्या ओळी फाट्याच्या रस्त्यापर्यंत दिसत होत्या. रस्त्याकडेच्या ओळी त्यांनी आधी केल्या होत्या. तिसरी बादली संपत आली, तसा मामांनी नवा मोरचूद भिजवला, चुना विरवला, दोन्ही धारा एकत्र सोडल्या आणि विळा पुन्हा बुडवला. या वेळी पात्यावर तांबूस झाक आली. त्यांनी ते माझ्यापुढं धरलं, काही बोलले नाहीत, आणि चुन्याची बादली ओढून घेतली.